चासी तीच आहे

डेट्रॉइटच्या पश्चिमेकडच्या न्यू हेब्रॉन बॅप्टिस्ट चर्चमध्ये ओझेल गेदरला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि गाड्यांविषयीच्या त्याच्या मताला कंटाळला नाही असाही नव्हता. कुणी नवी गाडी घेतली, आवारात लावली, भोवती चारजण जमले, की ओझेल हात मागे बांधून तिला एक फेरी मारायचा आणि म्हणायचा, "छान आहे. पण चासी तीच आहे." झालं. समोरच्याचा अर्धा आनंद तिथंच ओसरायचा. बरं, माणूस थापा मारत होता म्हणावं तर तसंही नाही. त्या चासीवर, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्यावर, बॉडी बसवणं हेच त्याचं रोजचं काम होतं.

कंपनी एकाच कारखान्यातून तीन नावांनी मोठ्या गाड्या विकायची. कॉर्डेल कामगाराची, हॅवर्ली मुकादमाची किंवा शाळेच्या हेडमास्तरची, आणि सेंट ऑबिन म्हणजे डॉक्टर, वकील, पास्टर आणि मयताची व्यवस्था बघणारे श्रीमंत लोक, यांची. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण चर्चच्या पायऱ्यांजवळ सेंट ऑबिन उभ्या राहत आणि कॉर्डेल लांब कुंपणाला लागून. ओझेलची कॉर्डेल तर कुंपणापर्यंतही यायची नाही. तो चार गल्ल्या पायी यायचा. त्याची बायको आर्डेला मात्र सिस्टर व्हर्डेलच्या सेंट ऑबिनमधून यायची. दोघी चर्चमध्ये गाणाऱ्या, तिथल्या रीतीनं एकमेकींना सिस्टर म्हणणाऱ्या, आणि व्हर्डेलचा नवरा दातांचा डॉक्टर.

ओझेल अलाबामाच्या कापसाच्या शेतातून एकोणिसाव्या वर्षी इथं आला, १९५३ साली. पहिली पाच वर्षं त्यानं भट्टीवर काढली, कारण काळ्या माणसाला तेव्हा कारखान्यात भट्टी आणि झाडू याखेरीज फारसं काही मिळत नसे. पुढं गाड्या जोडायच्या लाइनवर जागा मिळाली. तोवर तिन्ही गाड्यांच्या चासी वेगवेगळ्या असायच्या. कंपनीच्या उंच इमारतीतल्या लोकांच्या डोक्यात आलं की तीन कशाला, एकच करू. सेंट ऑबिनसाठी तीन इंच लांब, बाकी सारं तेच. भोकंसुद्धा तिन्ही गाड्यांची एकाच चासीला पाडून ठेवलेली, ज्या गाडीला जी लागतील ती वापरायची आणि उरलेली तशीच सोडायची.

ओझेलची जागा अशी होती की खालून चासी सरकत यायची आणि वरच्या मजल्याच्या जमिनीतल्या चौकोनातून साखळ्यांना टांगलेली बॉडी खाली उतरायची. उजवीकडे ओझेल, डावीकडे स्टॅश ग्रोबेल नावाचा पोलिश माणूस. दोघांनी हातांनी बॉडी जागेवर आणायची, बोल्ट घालायचे, आवळायचे, की पुढची. तासाला पन्नासच्या वर. चासी आणि बॉडी यांच्यामध्ये रबराच्या जाड चकत्या असायच्या. त्या आधीच्या जागेवरचा माणूस ठेवून द्यायचा. सेंट ऑबिनच्या चकतीवर निळा ठिपका, कॉर्डेलच्या चकतीवर पांढरा. ओझेलला ठिपके पाठ होते. पण रबर ते रबर, असं त्याचं मत होतं, आणि मत एकदा झालं की ते बदलायची त्याला सवय नव्हती.

आता हे समजून घ्या. ज्या माणसाला गावाकडं साठीच्या म्हाताऱ्यापासून शेंबड्या पोरापर्यंत कुणीही गोरा 'ए पोऱ्या' म्हणून हाक मारत असे, त्याला दातांच्या डॉक्टरच्या गाडीखालचं गुपित ठाऊक झालं होतं. ते त्याला चढलं. चढणारच. डॉक्टर आपल्या बायकोच्या कानात हसून काही सांगत गाडीतून उतरायचा, आणि ओझेल मनात म्हणायचा, उतर बाबा, तुझ्या बुडाखाली मी आवळलेले बोल्ट आहेत आणि माझ्या शेजाऱ्याच्या कॉर्डेलखालीही तेच आहेत.

आर्डेला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दिवसभर उभं राहून तिची पाठ तिशीतच बोलू लागली होती. १९६६ साली ती पहिल्यांदा सिस्टर व्हर्डेलच्या गाडीत बसली आणि घरी येऊन कोट काढायच्या आधीच म्हणाली, "ओझेल, आपण एक सेंट ऑबिन घेऊ या."

"चासी तीच आहे," ओझेल म्हणाला.

"मी चासीवर बसत नाही. सीटवर बसते."

"सीट कशावर बसते? चासीवर."

यावर आर्डेलानं मक्याच्या पावाचं भांडं ओव्हनमध्ये सारलं आणि विषय तिथं थांबला. थांबला म्हणजे पाच वर्षं. १९७१ साली चासी बदलली. गाड्या इतक्या फुगल्या की लोकांच्या गॅरेजांची दारं लागेनात. आर्डेलानं परत विचारलं, ओझेलनं तेच उत्तर दिलं. मग अरबांनी तेल अडवलं, पंपापुढं रांगा लागल्या, आणि १९७७ च्या गाड्यांसाठी कंपनीनं चासीला कात्री लावली. एक फूट लांबी गेली, चारशे किलोच्या आसपास वजन गेलं. लोक म्हणाले, आता सेंट ऑबिन कोण घेणार. लोकांनी आधीपेक्षा जास्त घेतल्या. आर्डेलानं तेव्हाही विचारलं. "कापलीय," ओझेल म्हणाला, "पण दोन्ही गाड्यांची एकाच मापानं कापलीय." हे सांगताना तो ताठ बसायचा, एखादा खटला जिंकल्यागत.

पैशाचा प्रश्न होता असं कुणी समजू नये. कामगाराला सवलतीत गाडी मिळायची, दोघं कमावते होते, मुलगी शिकून शिकागोला नोकरीला लागली होती. प्रश्न जिभेचा होता. जे वाक्य आख्ख्या चर्चला ऐकवलं ते गिळायचं कसं?

१९८४ च्या हिवाळ्यात कारखान्यात बातमी आली की चासी बंद. पुढच्या मोठ्या गाड्या लहान होणार, इंजिन पुढची चाकं फिरवणार, आणि सगळा भार बॉडीच सोसणार. जेवणाच्या सुट्टीत ओझेलनं स्टॅशला गाठलं.

"चासीच नाही? मग बॉडी बसणार कशावर?"

"कशावरच नाही," स्टॅश म्हणाला. "आपल्यासारखं. आपण तरी आता कशावर बसणार?"

ओझेलची तीस वर्षं भरली होती. मार्चअखेर निवृत्ती ठरली. फेब्रुवारीत एका संध्याकाळी आर्डेलानं ताटावरून डोकं वर केलं. या वेळी आवाजात हट्ट नव्हता, म्हणून तो जास्त जड वाटला.

"ही शेवटची आहे ना रे? त्या चासीवरची?"

"हो. दोन आठवड्यांत ऑर्डर बंद."

"मग ऐक. मी अठरा वर्षं मागतेय. मला पन्नाशी लागली, पाठ गेली माझी. मला सेंट ऑबिन हवीय. निळी, काळी, कसलीही."

ओझेल "बघू" म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो कामगारांच्या गाड्या नोंदवायच्या खिडकीवर गेला आणि त्यानं कॉर्डेल लिहून दिली. हिरवी. खिडकीपर्यंत जाताना त्याच्या मनात सेंट ऑबिनच होती, हे तो पुढं कबूल करायचा. पण खिडकीवर ओळखीची बाई बसली होती आणि ती हसून म्हणाली, "काय ओझेल, चासी तीच का?" त्याच्या तोंडातून आपोआप कॉर्डेल निघालं. तो स्वतःवर इतका चिडला की परत आल्यावर त्यानं पहिला बोल्ट तिरका घातला, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यानं स्टॅशला सांगितलं. स्टॅशनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू गाढव आहेस. साधंसुधं नाही, युनियनचं कार्ड असलेलं गाढव."

"झालं ते झालं."

"ती बाई तुझ्यापाशी टिकली कशी? मी तिच्या जागी असतो तर तुला चासीवरच झोपवला असता."

आता त्या कारखान्यात एक रीत होती. प्रत्येक गाडीबरोबर एक कागद चिकटवलेला असे. कुठली सीट, कुठला रंग, कुठली स्प्रिंग, सगळं त्यावर. आपल्यातल्याच कुणाची गाडी लाइनवर असली की त्या कागदाच्या कोपऱ्यात कुणीतरी लाल खडूनं फुली मारायचं. फुली दिसली की माणूस तंबाखू थुंकून हात पुसून काम करायचा. बोल्ट दोनदा तपासायचा, रंगावर बोट उमटू द्यायचा नाही. कंपनीला ठाऊक होतं आणि कंपनी डोळेझाक करायची, कारण त्यात तिचं काही जात नव्हतं.

पण या गाडीच्या फुलीबरोबर स्टॅशनं लाइनभर निरोप फिरवला. ओझेलची गाडी आहे, आर्डेलासाठी आहे, आणि चासी तीच आहे. बघा काय करता येतं ते. म्हणजे भोकं सगळ्या गाड्यांची पाडलेलीच आहेत, सेंट ऑबिनचं सामान कॉर्डेलला बसू शकतं. ज्या कारखान्यात चासी एक नव्हती तिथं ही अवदसा कुणाला आठवली नसती.

गाडी ओझेलपाशी आली तेव्हा खाली सरकत आलेल्या चासीवर त्याला निळे ठिपके दिसले. कागदावर कॉर्डेल, चकत्यांवर निळा. त्यानं पलीकडं पाहिलं.

"निळे कसे?"

"पांढरा रंग संपला असेल," स्टॅश म्हणाला आणि पाना उचलला.

ओझेल एक शब्द बोलला असता तर गाडी तिथंच बाजूला निघाली असती. त्यानं बॉडीला हात लावून ती जागेवर आणली आणि बोल्ट आवळले. आणि खरी गंमत पुढंच आहे. त्या क्षणी त्याला आर्डेलाची पाठ आठवली नाही. त्याच्या मनात आलं की आता ही कॉर्डेल सेंट ऑबिनसारखी चालेल, आर्डेला बसेल, तिला बरं वाटेल, आणि आपण म्हणू, बघ, मी काय सांगत होतो? तिला गाडीही मिळेल आणि आपलं वाक्यही वाचेल. त्या दिवशी तो शीळ घालत घरी गेला.

गाडी पकडली गेली ती दारामुळं. शेवटच्या तपासणीला दुसऱ्या कारखान्यातून आलेला एक नवा माणूस होता. त्याला लाल फुलीची रीत ठाऊक नव्हती. त्यानं दार लावलं. कॉर्डेलचं दार लागताना पत्रा वाजतो, हे दार नुसतं बसलं. त्यानं परत उघडलं, परत लावलं, मग कागद काढला आणि गालिच्याचा कोपरा उचलून खाली बघितलं. अर्ध्या तासात गाडी यार्डाच्या टोकाला उभी होती आणि ओझेल कारखान्याचे मॅनेजर हॅगर्टी यांच्यासमोर.

हॅगर्टी वाईट माणूस नव्हता. ओझेलपेक्षा दहा वर्षांनी लहान होता आणि त्याला अहोजाहो करायचा. त्यानं यादी पुढं सरकवली. सीट, स्प्रिंगा, शॉकअप, चकत्या, गालिच्याखालचं दाबलेल्या लोकरीचं नमद्याचं अस्तर, दारांच्या रबरपट्ट्या.

"गेदर, हे कुणी केलं?"

"मला माहीत नाही, सर."

"चकत्या तुमच्या डोळ्यांसमोरून गेल्या."

"गेल्या, सर. त्या मी पाहिल्या. त्या माझ्या नावावर लिहा. बाकीचं मला माहीत नाही."

हॅगर्टीनं यादी परत आपल्याकडं ओढली. त्यालाही त्या चासीबरोबर वीस वर्षं झाली होती आणि तिच्या शेवटच्या महिन्यात त्याला लोकांना काढायचं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "दोनच रस्ते आहेत. नावं द्या. नाहीतर शनिवारी या, तुमच्या हातांनी हे सगळं उतरवा आणि कागदावर आहे ते चढवा. एकट्यानं. मग गाडी तुमची, आणि मी काही पाहिलं नाही."

"शनिवारी येतो, सर," ओझेल म्हणाला.

शनिवारी सकाळी तो यार्डात गेला. गाडी दुरुस्तीच्या शेडमध्ये न्यायला हवी होती. मधे मालगाडीचे रूळ होते, चार जोड्या, जमिनीतून चांगले वर आलेले. ओझेल आतापर्यंत हजारो सेंट ऑबिनखाली उभा राहिला होता, आत कधी बसला नव्हता. व्हर्डेलबाई किती वेळा थांबायची, म्हणायची, "ब्रदर ओझेल, बसा की, जागा आहे." हा म्हणायचा, "चालणं बरं असतं." आता तो त्या सीटवर बसला आणि रुळांवरून निघाला. रूळ आले कधी आणि गेले कधी ते त्याला आरशात बघून कळलं. त्यानं गाडी थांबवली, मागं घेतली आणि परत रुळांवरून आणली.

शेडमध्ये स्टॅश एका उलट्या खोक्यावर बसलेला होता.

"मी हात लावणार नाही," तो म्हणाला. "एकट्यानं करायचंय तुला. बसायला कुणी मनाई केलेली नाही."

ओझेलनं आधी सीट काढल्या. मग गालिचा उचलला. त्याखाली दोन बोटं जाडीचं नमद्याचं अस्तर होतं आणि त्याखाली डांबरी कागद. कॉर्डेलला नुसता कागद होता. शॉकअप, स्प्रिंगा, रबरपट्ट्या, दुपारपर्यंत एकेक गेलं. शेवटी त्यानं लाकडाचा ओंडका मधे घालून बॉडी जॅकवर किंचित उचलली आणि निळ्या चकत्या बाहेर काढल्या. एका हातात निळी, एका हातात पांढरी. त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं. निळीत अंगठा उतरला. पांढरीत उतरला नाही, घोड्याच्या खुरासारखी टणक होती. पंचवीस वर्षं त्या दोन्ही त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या होत्या आणि त्यानं एकदाही दाबून पाहिल्या नव्हत्या.

"काय रे?" स्टॅशनं विचारलं.

"तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"की हे वेगळं असतं."

स्टॅशनं मान खाजवली. "ओझेल, लेका, सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणून तर घातलं ना."

ओझेलनं पांढऱ्या चकत्या बसवल्या, कॉर्डेलचं बाकी सामान चढवलं. बोल्ट आवळले. चार वाजता त्यानं गाडी त्याच रुळांवरून फाटकाकडं नेली. पहिल्याच रुळाला दात वाजले, दुसऱ्याला कमरेतून कळ डोक्यापर्यंत गेली. चासी तीच होती, रूळही तेच होते. ओझेलला लाज वाटली, आणि ती सरळ आर्डेलापुढं वाटली, दुसऱ्या कुणापुढं नाही.

बुधवारी चर्चमध्ये गाण्याचा सराव असे. आर्डेलानं त्या दिवशी व्हर्डेलला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. हिरव्या कॉर्डेलकडं बघून तिनं खरं तर काहीच म्हटलं नव्हतं, नुसती मान हलवली होती. आता ती चांगला कोट घालून पुढच्या सीटवर बसली. मार्च महिना. बर्फ आणि तो वितळवायला टाकलेलं मीठ यांनी लिव्हरनॉय रस्त्याची चाळण केलेली. पहिल्या खड्ड्याला तिनं दाराची कडी धरली. दुसऱ्याला डोळे मिटले. तिसऱ्यानंतर म्हणाली, "चांगली आहे गाडी. चासी तीच ना?"

ओझेलनं गाडी कडेला घेतली. बंद असलेल्या एका चपलांच्या दुकानासमोर.

"चासी तीच आहे," तो म्हणाला. "पण ते खरं नव्हतं, आर्डेला. मी शनिवारी बघितलं. रबर वेगळं असतं, स्प्रिंगा वेगळ्या असतात, खाली अस्तर असतं. अजिबात तेच नसतं. मी तुला इतकी वर्षं चुकीचं सांगत होतो."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"अठरा वर्षं दर बुधवारी आणि दर रविवारी मी तिच्या गाडीत बसतेय. माझी पाठ काय बहिरी आहे?"

ओझेलनं इंजिन बंद केलं. "मग मला कधी बोलली का नाहीस? चर्चमध्ये सगळ्यांपुढं बोलायचं होतंस. मी गप्प झालो असतो."

"म्हणूनच नाही बोलले," आर्डेला म्हणाली. "दिवसभर तू दुसऱ्यांच्या गाड्या जोडायचास. तिथं तुला कोण विचारत होतं? ते एक वाक्य बोलताना तू ताठ व्हायचास. ते मी चारचौघांत तुझ्याकडून काढून घेऊ?"

"पण मागत तर होतीस."

"मागत होते." तिनं हातमोजे काढले, परत घातले. "ओझेल, मऊ सीट मला व्हर्डेलच्या गाडीत मिळतच होती. आठवड्यातून दोनदा, फुकट. तीन बायका आम्ही, गाणी म्हणत जायचो, आणि तू बाजूनं फुटपाथवरून पायी जाताना मला काचेतून दिसायचास. मला एकदा तरी तू शेजारी हवा होतास."

आर्डेलानं घड्याळाकडं पाहिलं आणि उशीर होतोय म्हणाली. त्यानं गाडी चालू केली आणि रस्त्यावर घेतली. पुढचा प्रत्येक खड्डा तो इतक्या हळू पार करत गेला की मागच्या गाड्या चर्चच्या आवारापर्यंत हॉर्न वाजवत राहिल्या.